संप्रेरक उत्तेजन चाचणी आणि तिचे देयक



उरण, पेण, खालापूर, कर्जत या भागांतील अनेक कुटुंबांना वैद्यकीय तपासणीसाठी पनवेल जवळचे पडते. अशाच एखाद्या कुटुंबातील मुलाची उंची वयाच्या मानाने वाढेनाशी होते आणि डॉक्टर वाढीच्या संप्रेरकाची, म्हणजेच ग्रोथ हार्मोनची, उत्तेजन चाचणी लिहून देतात. प्रयोगशाळेत चौकशी करता एका नमुन्याचा दर सांगितला जातो. हाती पडणारे बिल मात्र त्याच्या चौपट-पाचपट असू शकते. आपली फसवणूक झाली, असा पालकांचा समज होतो. काही जण चाचणीच पुढे ढकलतात आणि उपचाराचा मोलाचा काळ निघून जातो.

या गैरसमजाचे मूळ चाचणीच्या स्वरूपातच आहे. वाढीचे संप्रेरक रक्तात सतत सारख्या प्रमाणात नसते. ते थांबून थांबून स्रवते. त्यामुळे एकाच नमुन्यावरून निष्कर्ष काढता येत नाही. उपाशीपोटी पहिला नमुना घेतल्यावर क्लोनिडिनसारखे उत्तेजक औषध देतात आणि पुढे दोन तासांपर्यंत ठराविक अंतराने नमुने घेतात. या औषधाने रक्तदाब उतरतो, झोप येते. म्हणून मुलाला देखरेखीखाली ठेवावे लागते. निदान पक्के करण्यासाठी बहुधा दोन निरनिराळ्या औषधांनी चाचणी करावी लागते. अधिवृक्क ग्रंथीच्या चाचणीतही इंजेक्शनपूर्वी आणि त्यानंतर ३० व ६० मिनिटांनी कॉर्टिसोल मोजतात. या ग्रंथीची दुर्बलता वेळीच न ओळखल्यास प्राणावर बेतू शकते.

अमेरिकेत अशा चाचण्यांची देयके संकेतांकांनी तयार होतात. अमेरिकन मेडिकल असोसिएशनने १९६६ साली प्रथम प्रसिद्ध केलेल्या संकेतावलीत आज उत्तेजन चाचण्यांचे स्वतंत्र संच आहेत. ८०४०० म्हणजे अधिवृक्क ग्रंथीची चाचणी. तीत कॉर्टिसोलचे मापन दोनदा धरलेले असते. ८०४२८ म्हणजे वाढीच्या संप्रेरकाची चाचणी. तीत मापन चार वेळा असते. औषध आणि ते देण्याचे काम यांची आकारणी निराळी होते. रोगाचा संकेतांक आणि चाचणीचा संकेतांक यांचा मेळ बसला नाही, तर विमा कंपनी दावा नाकारू शकते. नवी मुंबईच्या कार्यालयांतून अनेक मराठी पदवीधर अमेरिकन रुग्णालयांसाठी नेमके हेच काम करतात.

आपल्याकडील खाजगी प्रयोगशाळांच्या बिलांवर असे संकेतांक सहसा नसतात. तथापि त्यांमागील शिस्त पनवेलच्या पालकालाही उपयोगी आहे. चाचणीपूर्वी चार गोष्टी लेखी विचारून घ्याव्यात : नमुने किती, प्रत्येकाचा दर काय, औषधाची किंमत कोण आकारणार आणि देखरेखीचा खर्च वेगळा आहे काय. बिलावर नुसते 'हार्मोन तपासणी' असे न लिहिता चाचणीचे पूर्ण नाव, औषध व नमुन्यांची संख्या नोंदवून घ्यावी. अहवालात प्रत्येक नमुन्याची वेळ असलीच पाहिजे. वेळ नसलेला आकडा डॉक्टरांच्या उपयोगी पडत नाही आणि चाचणी पुन्हा करण्याची पाळी येते.

महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी नियमांत २०२१ साली झालेल्या सुधारणेने रुग्णहक्कांची सनद व प्रमुख सेवांचे दरपत्रक दर्शनी भागी लावणे शुश्रूषागृहांना बंधनकारक केले आहे. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासण्या व उपचार निःशुल्क झाले. म्हणून यांपैकी कोणती सोय उपलब्ध आहे, याची चौकशी प्रथम पनवेलच्या उपजिल्हा रुग्णालयात करावी. आरोग्य विमा असल्यास, रुग्णालयात दाखल न होता केलेल्या चाचणीचा खर्च मिळतो की नाही, हेही आधीच पाहावे. अनेक योजनांत तो मिळत नाही.

देखरेखीसाठी आकारलेली रक्कम वायफळ समजून ती वाचविण्याचा मोह मात्र टाळावा. इन्सुलिन देऊन केलेल्या चाचणीत रक्तातील साखर मुद्दाम उतरविली जाते. तेथे डॉक्टरांची उपस्थिती हीच मुलाची सुरक्षितता होय. काटकसर करावयाची ती पूर्वचौकशीने. चाचणी मध्येच सोडली, तर पैसे जातात आणि निदानही हाती लागत नाही.