निरपराध बंदिवानांचे दिवस

पुरंदर किल्ल्याचें नांव निघालें कीं मराठी मनास १६६५ चा तह आठवतो. दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत मात्र या किल्ल्यावर निराळेच बंदिवान राहत होते. ते सैनिक नव्हते. मिशनरी, व्यापारी, निर्वासित आणि त्यांचीं बायकामुलें होतीं. शत्रुराष्ट्रांत जन्म, एवढाच त्यांचा अपराध.

३ सप्टेंबर १९३९ रोजीं युद्ध पुकारलें गेलें आणि हिंदुस्थानांतील जर्मन पुरुषांना धरून अहमदनगरच्या (आतांच्या अहिल्यानगरच्या) छावणींत नेण्यांत आलें. त्यांत हिटलरच्या छळामुळें पळून आलेले ज्यूही होते. चौकशीनंतर त्यांपैकीं पुष्कळ सुटले. पण १९४० मध्यें फ्रान्स पडतांच संशय बळावला व कित्येकांना पुन्हां आंत जावें लागलें. ज्या राजवटीनें त्यांना देशोधडीस लावलें, तिचेच हस्तक म्हणून त्यांच्याकडे पाहिलें गेलें!

पुढें पुरुषांची मुख्य छावणी डेहराडूनजवळ प्रेमनगर येथें झाली. कुटुंबांसाठीं पुरंदर व सातारा येथें वसाहती केल्या. तेथें हद्द न ओलांडण्याचें वचन दिल्यावर हिंडण्याफिरण्याची कांहीं मोकळीक असे. प्रेमनगरास मात्र काटेरी तारा, पहारा, रोजची हजेरी आणि पत्रांवर सेन्सॉरची कात्री. पोटाला अन्न होतें, डोक्यावर छप्पर होतें. नव्हता तो सुटकेचा दिनांक. चोरालाही आपली शिक्षा किती महिन्यांची हें ठाऊक असतें. यांना तें नव्हतें.

या अनिश्चित काळास वेसण घालण्यासाठीं बंदिवानांनीं आपलें वेळापत्रक आपणच आखलें. कोणी भाषेचे वर्ग चालविले, कोणी वाद्यें वाजविलीं, कोणी बाग फुलविली. जर्मन बौद्ध भिक्षु ञाणपोनिक यांनीं तेथें पाली ग्रंथांचें जर्मन भाषांतर केलें. गिर्यारोहक हाइनरिख हारर १९४४ मध्यें निसटून तिबेटांत गेले. पण बहुसंख्यांना वाट पाहण्यावांचून गति नव्हती. १९४५ मध्यें युद्ध संपलें, तरी अनेकांची पाठवणी १९४६ च्या अखेरीस झाली.

परक्या सरकारास दोष देणें सोपें आहे. परंतु १९६२ च्या चीन-युद्धांत स्वतंत्र भारतानेंही चिनी वंशाच्या सुमारें ३,००० रहिवाशांना राजस्थानांतील देवळीच्या छावणींत ठेविलें. त्यांतील कित्येकांचा जन्म याच भूमींत झाला होता. कांहीं तर १९६७ पर्यंत अडकून पडले. युद्धाच्या धामधुमींत भय प्रत्येक राष्ट्रास वाटतें. त्या भयांतही माणसाची पारख त्याच्या कुळावरून न करतां कृतीवरून करणें, हीच राज्यकर्त्यांची आणि प्रजेची खरी कसोटी होय.