प्राणिसंग्रहालय व अभयारण्य : शालेय सहलीची आखणी
(तालुका शिक्षक-संमेलनात दिलेले भाषण)



दिवाळीची सुट्टी संपून दुसरे सत्र सुरू झाले की आपल्या शाळांतून सहलीचे वारे वाहू लागतात. ‘गुरुजी, यंदा कुठं जायचं?’ असे मुले विचारू लागतात आणि थोड्याच दिवसांत परवानगीचे अर्ज माझ्या टेबलावर येऊन पडतात. हे अर्ज वाचताना एक गोष्ट माझ्या ध्यानी आली आहे. अर्जातील स्थळांची यादी लांबलचक असते. हेतूच्या रकान्यात मात्र ‘प्राण्यांची माहिती मिळविणे’ एवढे तीनच शब्द असतात. ती माहिती कोणती, ती कशी मिळणार आणि कोणत्या मुलांना मिळणार, याविषयी अर्ज काहीच बोलत नाही. आज त्याविषयी चार शब्द बोलावेत असा माझा विचार आहे.

आरंभीच कबूल करतो की, हे बोलण्याचा अधिकार मला माझ्या यशाने मिळालेला नाही. तो मला माझ्या एका चुकीने दिला आहे. १९९६ साली मी जिल्ह्याच्या पूर्वेकडील एका अवर्षणग्रस्त गावी द्विशिक्षकी शाळेत शिक्षक होतो. त्या वर्षी आम्ही पुण्याची सहल काढली. वर्गणी माणशी चाळीस रुपये. पहाटे चारला निघालो आणि एका दिवसात पाच स्थळे पाहून रात्री अकराला परतलो. त्या काळी पुण्याचे प्राणिसंग्रहालय पेशवे उद्यानात होते. तेथे आम्ही जेमतेम पस्तीस मिनिटे थांबलो. रांग पुढे सरकत होती, आम्ही ‘चला, चला’ म्हणत होतो आणि मुले पिंजऱ्यांपेक्षा एकमेकांच्या पाठीच अधिक पाहत होती.

सोमवारी वर्गात मी मुलांना सांगितले, ‘पाहिलेला एक प्राणी काढा.’ निम्म्याहून अधिक पाट्यांवर एस. टी. आणि ‘फुलराणी’ ही छोटी आगगाडी उमटली. एका पाटीवर तेवढे एक हरीण होते. ते काढणारा मुलगा मेंढपाळाचा. तो सहलीला आलाच नव्हता. ‘पोट दुखत होतं’ असे त्याने सांगितले. खरे कारण चाळीस रुपये होते, आणि ते मला ठाऊक होते. त्याने दोन हरणे काढली होती, मोठ्या शिंगांचे एक आणि बारीक शिंगांचे दुसरे. मी विचारले, ‘ही दोन्ही नर का?’ तो म्हणाला, ‘न्हाई गुरुजी, ही बारकी शिंगाची हरणी हाय.’ मी खडू उचलला आणि साऱ्या वर्गासमोर त्याची चूक दुरुस्त केली : हरणाच्या मादीला शिंगे नसतात!

पुढे पुस्तक उघडून पाहिले तेव्हा चूक माझी होती. आमच्या माळावर जे हरीण आढळते ते चिंकारा, आणि चिंकाऱ्याच्या मादीलाही लहान शिंगे असतात. त्या मुलाला आणखी पुष्कळ माहीत होते. हे जनावर संशय आला की पुढच्या पायाने जमीन आपटते आणि शिंकल्यासारखा आवाज काढते. ठरावीक जागी पुनःपुन्हा येऊन लेंड्या टाकते. उन्हाळ्यात पाणवठा आटला तरी पाल्यातील ओलाव्यावर दिवस काढते. हे सर्व त्याने मेंढरांमागे फिरताना पाहिले होते. त्याच टापूतील सुपे येथील माळास पुढील वर्षी, म्हणजे १९९७ साली, मयूरेश्वर अभयारण्याचा दर्जा मिळाला. शाळेपासून ज्या चिंकाऱ्यांकडे चालत जाता आले असते, त्यांच्याकडे पाठ फिरवून आम्ही एकेचाळीस मुले पुण्यास नेली होती. आणि ज्याला प्राणी सर्वाधिक कळत होते, नेमका तोच मुलगा आम्ही मागे ठेवला होता.

या अनुभवातून मी जे शिकलो ते आता क्रमाने सांगतो.

पहिली गोष्ट हेतूची. प्राणिसंग्रहालय आणि अभयारण्य ही दोन भिन्न कामांची ठिकाणे आहेत. प्राणिसंग्रहालयात प्राण्याचे शरीर जवळून पाहता येते. त्याचे खूर, कान, डोळे, चाल यांचे निरीक्षण निवांत करता येते. अभयारण्यात प्राणी दुरून दिसतो, कित्येकदा दिसतही नाही. परंतु त्याचा संसार दिसतो. तो काय खातो, कोठे दडतो, कोणाला भितो, हे माळावरच कळते. म्हणून दोहोंची जोड घालावी आणि आधी जवळचे ठिकाण घ्यावे. सुपे येथील अभयारण्य अवघे पाच चौरस किलोमीटरांच्या आसपास आहे, आणि कर्जत तालुक्यातील काळविटांसाठी १९८० साली स्थापन झालेले रेहेकुरी अभयारण्य तर सव्वादोन चौरस किलोमीटरांहूनही लहान आहे. मुलांच्या पायांना आणि नजरेला पेलतील अशीच ही ठिकाणे आहेत. हिवाळ्यात उजनी जलाशयाच्या फुगवट्यावर भिगवणजवळ रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात, आणि हिमालय ओलांडून आलेले पट्टकादंब हंसही तेथे दिसतात. भूगोलाचा याहून चांगला धडा कोणता?

‘गुरुजी, ताडोब्याचा वाघ दाखवा,’ असा हट्ट मुले धरतील. १९५५ साली राष्ट्रीय उद्यान झालेले ताडोबा हे महाराष्ट्राचे भूषण खरेच. पण आपल्या जिल्ह्यापासून ते फार दूर. तेथे वाहने मोजकी, खर्च मोठा, आणि एवढे करून वाघ दिसेलच याची हमी नाही. प्राथमिक शाळेच्या मुलांना कात्रजचा वाघ पुरेसा आहे.

दुसरी गोष्ट पूर्वतयारीची. सहल निघण्याच्या दिवशी सुरू होत नाही. ती महिनाभर आधी वर्गात सुरू होते. पुण्याचे प्राणिसंग्रहालय १९९९ साली पेशवे उद्यानातून कात्रजला हलले आणि राजीव गांधी प्राणिसंग्रहालय या नावाने विस्तृत जागेत उभे राहिले. तेथील सर्वच प्राणी एका फेरीत पाहण्याचा हव्यास धरू नका. पाच-सहा प्राणी निवडा आणि प्रत्येक गटाला एक प्रश्न द्या. उदाहरणार्थ, आपण सरसकट ज्यांना हरणे म्हणतो त्यांत दोन कुळे आहेत. चितळ व सांबर ही सारंग कुळातील. त्यांच्या नरांची शिंगे फांद्या फुटलेली व भरीव असतात, ती गळून पडतात आणि पुन्हा उगवतात. काळवीट व चिंकारा हे कुरंग. त्यांची शिंगे बिनफांद्यांची व आतून पोकळ असून ती जन्मभर टिकतात. ‘शिंगाला फांदी आहे का?’ एवढा एकच प्रश्न घेऊन गेलेली मुले परत येतात तेव्हा हा भेद कधी विसरत नाहीत. दुसऱ्या गटाला कुंपणाचा प्रश्न द्या. वाघ आणि आपण यांच्यामध्ये गजांऐवजी खंदक का? ही पद्धत जर्मनीत हाम्बुर्ग येथे कार्ल हागेनबेक यांनी १९०७ साली उघडलेल्या प्राणिसंग्रहालयाने रूढ केली. प्राण्याला मोकळी जागा मिळावी आणि पाहणाऱ्याला तो नैसर्गिक परिसरात दिसावा, हा त्यातील विचार मुलांनी स्वतः शोधून काढू द्या.

कात्रजच्या सर्पोद्यानासाठी मात्र वेळ राखून ठेवावा, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. १९८६ साली सुरू झालेले हे उद्यान आपल्या खेड्यांतील मुलांच्या दृष्टीने साऱ्या सहलीत मोलाचे आहे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे आपल्याकडील चार प्रमुख विषारी साप मुलांना सुरक्षित अंतरावरून नीट पाहू द्या. धामण बिनविषारी असून उंदीर खाते, हे तेथेच सांगा. मण्यार रात्री फिरते आणि जमिनीवर निजलेल्या माणसाला तिचा दंश पुष्कळदा कळतही नाही, म्हणून शक्य तो खाटेवर व मच्छरदाणीत निजावे, हेही सांगा. साप चावला तर जखम चिरू नये, आवळून बांधू नये, मांत्रिकाकडे वेळ दवडू नये. प्रतिसर्पविषाची सोय असलेले रुग्णालय तत्काळ गाठावे. हा धडा मूल घरी जाऊन आईबापांना सांगते. अशा एखाद्या मुलाच्या सांगण्याने घरातील एक जीव वाचला, तर सहलीचा सारा खर्च फिटला असे मी मानीन.

तिसरी गोष्ट वेळेची. कात्रजचे प्राणिसंग्रहालय बुधवारी बंद असते. निघण्यापूर्वी दूरध्वनी करून वार व वेळ यांची खात्री करून घ्यावी. तेथे किमान तीन तास द्यावेत आणि त्या दिवशी दुसरे फार तर एकच स्थळ ठेवावे. माळावर मात्र सूर्योदयासच पोहोचले पाहिजे. ऊन चढले की प्राणी झुडपांच्या सावलीत बसतात आणि मुले कंटाळतात. अभयारण्यासाठी वनविभागाची परवानगी आधी घ्यावी व वनरक्षकास सोबत येण्याची विनंती करावी. कपडे मातकट रंगाचे असावेत, आवाज नसावा. गप्प बसण्याचा सराव शाळेच्या मागच्या कडुनिंबाखाली आठवडाभर आधी करून घ्यावा. दहा मिनिटे स्तब्ध बसणे ही आपल्या मुलांना नवी विद्या आहे, आणि आपणांसही!

चौथी गोष्ट सुरक्षिततेची. खासगी मोटारीपेक्षा एस. टी. घ्यावी, महामंडळ शालेय सहलींना भाड्यात सवलत देते. दहा मुलांमागे एक जबाबदार प्रौढ आणि मुलींसमवेत शिक्षिका असावी. रात्रीचा प्रवास टाळावा. पालकांची लेखी संमती, प्रथमोपचाराची पेटी, प्रत्येक मुलाच्या खिशात नाव, शाळा आणि गुरुजींचा दूरध्वनी क्रमांक लिहिलेली चिठ्ठी, एवढे हवेच. ज्यांना गाडी लागते अशी मुले पुढच्या बाकांवर बसवावीत. गाडीत चढताना व उतरताना शिरगणती करावी आणि ती नावे पुकारून करावी. नुसत्या आकड्यांत चूक होते. भिगवणला जीवरक्षक जाकिटे पुरेशी नसतील तर एकाही मुलाला होडीत बसवू नये. पक्षी काठावरूनही दिसतात.

पाचवी गोष्ट वर्तनाची. प्राण्यांना खाऊ टाकणे, खडे मारणे, डिवचणे हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये गुन्हा आहे. पण मुलांना कायद्याचा धाक घालण्यापेक्षा कारण सांगावे. त्या प्राण्याचा आहार मोजून दिलेला असतो. आपल्या शेंगदाण्यांनी, त्याहीपेक्षा आपल्या पिशव्यांनी, तो आजारी पडतो. माळावर गेल्यावर मुले आणखी एक प्रश्न विचारतील : ‘गुरुजी, अभयारण्य झालं तर आमच्या मेंढरांनी चरायचं कुठं?’ हा प्रश्न टाळू नका आणि त्याचे सोपे उत्तरही देऊ नका. चिंकाऱ्याला माळ हवा आणि मेंढपाळालाही माळ हवा, हे खरे आहे. वनरक्षकाचे म्हणणे ऐकवा, वाड्यावरील एखाद्या वृद्ध मेंढपाळासही बोलवा. उद्या हीच मुले गावाचा कारभार पाहणार आहेत.

शेवटची गोष्ट पैशाची; खरे तर पहिली हीच. वर्गणी ठरवताना वर्गातील सर्वांत गरीब घर डोळ्यांपुढे ठेवावे. शिदोरी घरून आणावी. भाकरी, पिठले आणि चटणी यांहून प्रवासात उत्तम अन्न नाही. ग्रामपंचायतीकडे, शाळा व्यवस्थापन समितीकडे, गावातील नोकरदारांकडे शब्द टाकावा. मदत कोणत्या मुलासाठी आली हे वर्गात कधीही कळू देऊ नये. आणि एवढे करूनही पैसे जुळले नाहीत, तर मुलांची संख्या कमी करू नका. अंतर कमी करा. पुणे रद्द करून सुप्याला जा, सुपे जमले नाही तर गावच्या ओढ्यावर जा. खंड्या, तांबट आणि मुंगूस यांचे दर्शन कोणत्याही तिकिटावाचून होते.

पुढल्या हिवाळ्यात आम्ही तेच केले. सारी शाळा पहाटे पायी माळावर गेली. वाट तो मेंढपाळाचा मुलगा दाखवीत होता आणि मी त्याच्या मागून चालत होतो. निघण्यापूर्वी वर्गासमोर मी त्याला सांगितले होते, ‘तुझी हरणी बरोबर होती, चूक माझी होती.’ तो काही बोलला नाही. माळावर मात्र त्याने एकाएकी हात वर करून सर्वांना थांबविले. समोर झुडपांआड तीन चिंकारे उभे होते. एक पुढचा पाय आपटून शिंकला, आणि तिघेही उधळले. एकही मूल ओरडले नाही. दुसऱ्या दिवशी शाळेतील एकाही पाटीवर एस. टी. नव्हती.

बंधुभगिनींनो, माझे मागणे थोडे आहे. यंदा सहलीच्या अर्जावर हेतूच्या रकान्यात मुलांना दिलेला निदान एक प्रश्न लिहावा. आणि त्याखाली दोन आकडे लिहावेत : वर्गाच्या पटावरील मुलांची संख्या व सहलीस निघणाऱ्या मुलांची संख्या. आजारपण सोडता हे दोन आकडे सारखे असतील, तर मी तो अर्ज त्याच दिवशी शिफारशीसह पुढे पाठवीन. सारखे नसतील तर मला बोलवा; आपण दोघे बसून अंतर कमी करू.