गोदीच्या भिंतीआडचें आरमार

आरमार म्हटलें कीं सामान्य नागरिकाच्या डोळ्यांपुढें लाटा कापीत जाणारें लढाऊ जहाज उभें राहतें. तें कोणत्या धक्क्यावरून निघालें, त्याच्या पोटांत तेल, पाणी, शिधा आणि दारूगोळा कोणी भरला, याचा विचार सहसा होत नाहीं. वास्तविक समुद्रावर जहाज पाहुणें असतें. त्याचें घर किनाऱ्यावर. भारताच्या पश्चिम तांड्याचें असें घर मुंबईंत, लायन गेटच्या आंत, उंच दगडी भिंतीआड आहे. रोज त्या भिंतीवरून जाणाऱ्या चाकरमान्यांपैकीं फारच थोड्यांना आंतील व्यवहाराची कल्पना असेल.

तांडा आणि तळ या दोन निरनिराळ्या गोष्टी होत. १९६८ पासून पश्चिम नौदल विभागाची सूत्रें मुंबईंतील एका सरसेनापतीच्या हातीं आहेत. त्याच्या हाताखालीं समुद्रावर जाणाऱ्या तांड्याचा अधिपति वेगळा आणि गोदीचा अधीक्षक वेगळा. अधिपतीला प्रत्येक जहाज उद्यांच दर्यावर हवें असतें. अधीक्षकाला तेंच जहाज आणखी कांहीं आठवडे धक्क्याला हवें असतें. दोघांचेंही म्हणणें रास्त असतें, आणि निवाडा वरच्याला करावा लागतो. यांशिवाय दारूगोळ्याचीं व सामानाचीं कोठारें, कुलाब्याचें ‘अश्विनी’ रुग्णालय, आणि खलाशांची व कचेऱ्यांची व्यवस्था पाहणारें ‘आंग्रे’ हें ठाणें. या ठाण्याचें नांव १९५१ पर्यंत ‘डलहौसी’ होतें. ज्या कान्होजींना इंग्रजांनीं चांचे ठरविलें, त्यांचेंच नांव इंग्रजांच्या जुन्या ठाण्याला मिळालें, हा काळाचा न्याय मोठा गमतीचा खरा.

तळाचा प्राण म्हणजे कोरडी गोदी. भरतीच्या पाण्यावर जहाज आंत घ्यावयाचें, दरवाजा लावून पाणी उपसावयाचें, आणि तें लाकडी ठोकळ्यांवर अलगद बसवावयाचें. ठोकळे चार बोटें चुकले तर जहाजाचा कणा दुखावतो. मग बुडाला चिकटलेलें शेवाळ व शिंपले खरवडून काढतात. तें न केल्यास वेग मंदावतो व तेल अधिक जळतें. मुंबईंत उधाणाच्या वेळीं पाणी बारा-पंधरा फूट चढतें-उतरतें, ही निसर्गाची देणगीच म्हणावयाची. तिचा लाभ ओळखून ईस्ट इंडिया कंपनीनें १७३५ च्या सुमारास सुरतेहून लवजी नसरवानजी वाडिया यांना आणविलें, आणि अठराव्या शतकाच्या मध्यास येथें पहिली कोरडी गोदी बांधली गेली. त्यांच्या घराण्यानें सागवानी लांकडांत बांधून १८१७ मध्यें पाण्यांत सोडलेलें ‘ट्रिंकोमाली’ इंग्लंडांत हार्टलपूल येथें आजही तरंगत आहे.

तळाची खरी कसोटी १९७१ मध्यें लागली. त्या वर्षीं रशियाहून आठ क्षेपणास्त्र-नौका आल्या. पण एवढें ओझें उचलणारी यारी मुंबई बंदरांत नव्हती. त्या कलकत्त्यास उतरवून, दोर लावून, सबंध द्वीपकल्पाला वळसा घालून मुंबईस ओढीत आणाव्या लागल्या. अडचणींतून युक्ति सुचली ती अशी : या नौकांचा पल्ला थोडा, परंतु ओढीत नेल्यास त्या कराचीपर्यंत पोंचूं शकतील. ४ डिसेंबरच्या रात्रीं ‘निपात’, ‘निर्घात’ आणि ‘वीर’ यांनीं कराचीपुढें ‘खैबर’ ही विनाशिका बुडविली. हा दिवस आतां नौदल दिन म्हणून पाळला जातो.

परंतु त्याच आठवड्याची दुसरी बाजूही आहे. ‘खुकरी’, ‘किरपाण’ आणि ‘कुठार’ हीं तीन जहाजें एकाच पथकांतलीं. त्यांपैकीं ‘कुठार’ यंत्रांतील बिघाडामुळें मुंबईस आणावें लागलें. तिघांचें काम दोघांवर आलें. ९ डिसेंबरच्या रात्रीं दीवजवळ पाणबुडीचा शोध घेत असतां ‘खुकरी’ला पाणतीर लागला, आणि कप्तान महेंद्रनाथ मुल्ला यांच्यासह १८ अधिकारी व १७६ खलाशी बुडाले. गोदींत अडकलेल्या एका जहाजाची किंमत नुसत्या हिशेबाच्या वहींत मांडतां येत नाहीं.

युद्धानंतर तांडा वाढला, जागा मात्र तेवढीच राहिली. एका बाजूस बंदर, दुसऱ्या बाजूस बाजार, तिसरीकडे कचेऱ्या. शहरानें गोदीला मिठीच मारली. एकाच बंदरांत सारा तांडा ठेवणें शत्रूच्याही सोयीचें. म्हणून कर्नाटकांत कारवार येथें नवा तळ उभारला गेला. २००५ मध्यें ‘कदंब’ ठाणें कार्यान्वित झालें. तेथें जहाज फलाटासह पाण्यांतून वर उचलून रुळांवरून जमिनीवर नेतात. विमानवाहू ‘विक्रमादित्य’ला मात्र कोरड्या गोदीकरितां कोचीन गांठावें लागे. अखेर २०१९ च्या सप्टेंबरांत मुंबईंत २८१ मीटर लांबीची गोदी खुली झाली. ती जमीन खणून नव्हे, तर समुद्रांत भिंती उभारून बांधलेली आहे. तिच्या तीन बाजूंना पाणीच आहे.