वाढते शहर आणि खुंटलेल्या वाटा

शहर वाढले की रस्ते वाढतात, हे आपण सारेच जाणतो. पण रस्ते वाढले म्हणून वाटा वाढतातच असे नाही, आणि आज आम्हांला बोलायचे आहे ते या एका भेदाविषयी.

जुन्या नाशकात तिवंध्यावरून सरकारवाड्याकडे निघालेल्या माणसाला एकाच मार्गाचे बंधन नसते. एका गल्लीत लग्नाचा मांडव पडला, तर तो दुसरीने जातो. तेथे हातगाडी आडवी असली, तर तिसरीने. बोळ अरुंद आहेत, चढउतार आहेत, पावसाळ्यात पाय जपूनच टाकावा लागतो. जुन्याचे गोडवे गाण्याची आम्हांला हौस नाही. परंतु तेथे बोळाला बोळ मिळतो, हे नाकारता येत नाही.

१९८२ साली महानगरपालिका झाली. नाशिक, नाशिकरोड-देवळाली आणि सातपूर या नगरपालिका व भोवतालची खेडी कागदावर एक झाली. जमीन मात्र शेताशेतांनीच विकली गेली. एक मळा गेला, तेथे कॉलनी उभी राहिली. आतला रस्ता रुंद, सरळ, आणि शेवटी शेजारच्या मळ्याचा बांध! पुढे तो मळाही विकला जातो. पण तोवर बांधाच्या जागी भिंत आलेली असते. मग पाठीला पाठ लावून असलेल्या दोन घरांतल्या मुलांनी एकमेकांकडे खेळायला जायचे, तर हमरस्त्याला वळसा घालावा लागतो. आईबाप त्यांना पायी धाडीत नाहीत, स्कूटरवरून पोहोचवितात. अशा शेकडो स्कूटरी गंगापूर रस्त्यावर उतरल्या, की आपण म्हणतो, रस्ता रुंद करा!

न्यूयॉर्कच्या मॅनहॅटन बेटाचा बराचसा भाग शेतीचा असतानाच, १८११ साली तेथील रस्त्यांचा नकाशा निश्चित झाला. घरे मागाहून आली. नकाशा रुक्ष खरा, पण एक रस्ता अडला तर दुसरा हाताशी असतो.

मखमलाबाद, आडगाव या बाजूंना अजून मळे आहेत. तेथे नव्या वसाहतीचा आराखडा मंजुरीस येईल, तेव्हा शेजारच्या जमिनीचा नकाशाही त्याच टेबलावर उघडला पाहिजे. बांधाशी रस्ता संपतो आहे की पुढे मिळणार आहे, हे त्याच दिवशी ठरते. रहिवासी म्हणतील, वाट उघडली की परक्या गाड्या आत येतील. त्यांची भीती खोटी नाही. मोटारींना अडविणारे दोन खांब रोवा. पण पायी चालणारा आणि सायकलवाला जाईल एवढी फट भिंतीत ठेवा.