डिझेलचा जमाना आणि शेडचा कामगार
(बंगळूर येथील कामगार मेळाव्यात केलेले भाषण)



आज आपल्यापुढे विषय आहे डिझेल इंजिनांचा आणि ती सांभाळणाऱ्या लोको शेडचा. जुन्या आठवणी सांगून टाळ्या मिळवाव्यात, एवढ्यासाठी आम्ही हा विषय घेतलेला नाही. एक जमाना संपत आला आहे. त्या जमान्यात ज्यांनी घाम गाळला, त्यांचे पुढे काय, हा आजचा सवाल आहे.

डब्ल्यूडीएम-२ हे इंजिन आपल्यापैकी कोणाला ठाऊक नाही? १९६२ साली ते अमेरिकेतल्या अल्को कंपनीकडून आले आणि १९६४ पासून वाराणसीच्या कारखान्यात आपल्याच कामगारांनी ते बांधले. सोळा सिलिंडर, २६०० अश्वशक्ती आणि वजन शंभर टनांच्या वर. मीटरगेजवर त्याचे धाकटे भावंड वायडीएम-४ होते. बंगळूरकडे येणारा मराठी माणूस त्या मीटरगेजला विसरणार नाही. १९७१ साली पुणे-मिरज मार्ग ब्रॉडगेज झाला, पण मिरजेच्या पुढे बेळगाव, हुबळी, बंगळूर मीटरगेजच राहिले. मिरजेला उतरायचे, बोजे उचलायचे आणि दुसरी गाडी धरायची. आमच्या टपाल आणि आरएमएसच्या बांधवांनाही थैल्या एका गाडीतून काढून दुसरीत चढवाव्या लागत. १९९२ नंतर युनिगेजची योजना आली आणि त्या दशकात हा मार्ग ब्रॉडगेज झाला.

बंगळूरजवळ कृष्णराजपुरमचे डिझेल शेड उभे राहिले ते १९८० च्या दशकात. शेडमध्ये काय चाले, हे बाहेरच्यांना कधी दिसले नाही. गाडी वेळेवर आली की लोक ड्रायव्हरला पाहतात आणि उशीर झाला की स्टेशन मास्तरला धरतात. पण रात्री पिटमध्ये उतरून, डोक्यावर तेल गळत असताना, ट्रॅक्शन मोटरचे ब्रश तपासणारा फिटर कोणाला दिसतो?

त्या इंजिनाचे दुखणे आम्ही कानाने ओळखत होतो. एखादा सिलिंडर नीट पेटत नसला की आवाजाचा ताल चुकायचा. इंजिन बंद केल्यावर टर्बो किती वेळ फिरत राहतो, ते घड्याळ लावून पाहायचे. लवकर थांबला तर समजायचे की बेअरिंगमध्ये काही तरी बिघडले आहे. तेलाचा नमुना प्रयोगशाळेत जाई. त्यात तांबे, शिसे किंवा लोखंड वाढलेले दिसले की आत कुठला भाग झिजतो आहे, त्याचा अंदाज येई. मोठी दुरुस्ती झाली की इंजिन लोड बॉक्सला जोडून उभ्या जागी पूर्ण ताकदीने चालवायचे. त्या आवाजात शेजारच्याशी बोलायचे ते हाताच्या खुणांनी.

आता एक मुद्दा नीट लक्षात घ्या. डिझेल इंजिन म्हणजे डिझेलवर चाके फिरतात असे पुष्कळांना वाटते. तसे नाही. डिझेलवर जनरेटर फिरतो, जनरेटर वीज करतो आणि त्या विजेवर प्रत्येक ॲक्सलची मोटर चालते. म्हणजे आमच्या शेडचा कामगार पहिल्या दिवसापासून विजेचे काम करीत आला आहे. पुढे १९९५ च्या करारानंतर १९९९ मध्ये जनरल मोटर्सची ४००० अश्वशक्तीची इंजिने आली. हुबळीचे शेड त्यांचे माहेरघर ठरले. त्यांत थ्री फेज मोटरा होत्या आणि संगणक होता. कानावर आणि पान्यावर भरवसा ठेवणारा फिटर पडद्यावरचा फॉल्ट वाचायला शिकला. कोणी अडून बसला नाही.

सप्टेंबर २०१८ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ब्रॉडगेजच्या संपूर्ण विद्युतीकरणाला मंजुरी दिली. २०२० मध्ये वाराणसीच्या कारखान्याच्या नावातून ‘डिझेल’ हा शब्दही गेला. आज कृष्णराजपुरमलाही विजेची इंजिने सांभाळली जातात. विजेला आमचा विरोध नाही. धूर कमी होतो, परदेशी तेलाचा खर्च वाचतो, हे आम्हांला कळते. पण कामगाराला ‘सरप्लस’ म्हणण्यापूर्वी हिशेब नीट मांडा. थ्री फेज मोटर, बोगी, ब्रेक, कॉम्प्रेसर ही सगळी कामे याच हातांनी केली आहेत. नवीन शिकायचे आहे ते पेंटोग्राफ, ट्रान्सफॉर्मर आणि पंचवीस हजार व्होल्टच्या तारेखाली जीव सांभाळून काम करण्याची शिस्त.

वाफेचे इंजिन गेले तेव्हाही हाच प्रश्न होता. १९९५ साली ब्रॉडगेजवरची वाफ संपली. त्याआधीच्या वर्षांत कोळसा टाकणाऱ्या फायरमनला शिकवून डिझेल असिस्टंट केले गेले. तो फायरमन नव्या यंत्रावर टिकला, मग आजचा फिटर का टिकणार नाही?

म्हणून आपल्या मागण्या साध्या आहेत. प्रशिक्षण ड्यूटीच्या वेळेत आणि प्रत्यक्ष इंजिनावर मिळाले पाहिजे. बदली झाली तरी ज्येष्ठता आणि पगार शाबूत राहिला पाहिजे. कायम स्वरूपाचे काम कंत्राटात जाता कामा नये, कारण आज आलेला आणि उद्या गेलेला माणूस इंजिनाचा आवाज कधी शिकणार? ज्या मार्गांवर अजून डिझेल चालते, तिथे कसबी माणसे कमी करू नयेत.

टपालातल्या बांधवांनो, हा प्रश्न तुमचाही आहे. धावत्या गाडीत पत्रांची विभागणी करणारा सॉर्टर आता दिसत नाही. यंत्र बदलते, खाते बदलते, पण कसब कामगाराच्या हातात असते. १९७३ साली लोको रनिंग कर्मचाऱ्यांनी संप केला, तेव्हा दहा तासांच्या ड्यूटीचे तत्त्व सरकारला मानावे लागले. १९७४ च्या मे महिन्यात लाखो रेल्वे कामगारांनी वीस दिवस झुंज दिली. तेव्हा संप मागे घ्यावा लागला, तरी एकजूट काय असते ते देशाने पाहिले.

जुने इंजिन भंगारात जाईल, ते जाऊ द्या. ते चालवणारे आणि जपणारे कसब भंगारात जाऊ देऊ नका. प्रत्येक शाखेने आपल्या शेडमधल्या जुन्या फिटरांना बोलते करावे, त्यांचे अनुभव लिहून ठेवावेत आणि नव्या मुलांच्या हाती द्यावेत. एवढे आवाहन करून आम्ही आपली रजा घेतो.

कामगार एकजुटीचा विजय असो!