ताप अंगावर काढायचा, कारण...

(स्त्री-संघटनांच्या कार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



९ मार्च २०२० रोजी पुण्यात महाराष्ट्रातले पहिले कोविड रुग्ण सापडले. त्यानंतर दोन वर्षं 'आजारी असाल तर घरी राहा' हे वाक्य आपण इतक्यांदा ऐकलं की ते पाठ झालं. पण ते कोणाला उद्देशून होतं? घरी राहूनही ज्याचा पगार चालू राहतो, त्याला.

चार घरची धुणीभांडी करणारी एक ताई. जानेवारी २०२२ मध्ये तिच्या अंगात कणकण होती, घसा बसला होता. तिने तपासणी केली नाही. म्हणाली, "पॉझिटिव्ह आलं की चारही घरं बंद. नुसतं तपासायला गेले म्हटलं तरी म्हणतील, आठ दिवस येऊ नकोस." सकाळी तापाची गोळी घ्यायची, म्हणजे सोसायटीच्या गेटवर यंत्रात ताप दिसत नाही. खोकल्याची उबळ आली की नळ मोठा सोडायचा. सरकारी नियम तेव्हा सात दिवस विलगीकरणाचा होता. सात दिवस म्हणजे जवळजवळ पाव महिन्याचा पगार. शिवाय परत जाईपर्यंत आपल्या जागी दुसरी बाई लागलेली नसेल, याची खात्री नाही.

आणि घरी राहायचं म्हणजे तरी कुठे? एका खोलीत पाच माणसं, संडास सार्वजनिक. पाणी तिनंच भरायचं, भाकऱ्या तिनंच थापायच्या. नवरा आजारी पडला तर अंथरूण धरतो. ती आजारी पडली तर फार तर बाहेरचं काम सुटतं, घरचं सुटत नाही.

'या बायकांना कळतच नाही, बेफिकीर असतात,' असं तेव्हा सर्रास बोललं गेलं. त्यांना सगळं कळत होतं. घरातल्या म्हाताऱ्या सासूची, कामावरच्या आजोबांची काळजीही होती. पण भाडं आणि किराणा थांबत नव्हता.

कारखान्यातल्या कामगारासाठी १९४८ च्या राज्य विमा कायद्याने सोय केली: आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत पगाराच्या ७० टक्के रक्कम. घरकामगार त्यात आली नाही, कारण कुणाचं राहतं घर म्हणजे 'आस्थापना' नव्हे. महाराष्ट्राने २००८ मध्ये घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा केला, पण त्याने आजारपणाची पगारी रजा मिळाली नाही. एप्रिल २०२१ च्या निर्बंधांत राज्याने दीड हजार रुपये जाहीर केले, तेही नोंदणी असलेल्यांनाच. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २०११ च्या घरकामगारांविषयीच्या कराराला भारताने मत दिलं, मान्यता मात्र अजून दिलेली नाही.

आता थोडं आपल्याबद्दल. आपल्यापैकी अनेकींच्या घरी बाई कामाला येते. ती येते म्हणून आपण बैठकांना येऊ शकतो. टाळेबंदीत काही घरांनी महिनोन् महिने पूर्ण पगार दिला, हे खरं आहे. पण तो चांगुलपणा होता आणि चांगुलपणा कधीही थांबवता येतो. हक्क तसा थांबवता येत नाही.

म्हणून मागण्या स्पष्ट मांडू. आठवड्याच्या सुट्टीखेरीज वर्षाला किमान बारा दिवस आजारपणाची पगारी रजा, कागदावर लिहून. त्यासाठी डॉक्टरच्या चिठ्ठीची अट नको, कारण चिठ्ठीलाही पैसे पडतात. रजेवर असताना काम जाणार नाही, याची हमी. आणि लांबलेल्या आजारात मंडळाकडून भत्ता, त्यात मालकांचाही वाटा.

डेंग्यू आणि फ्लू दरवर्षी येतात. साथ पुन्हाही येईल. तोवर एक काम करू. आपापल्या गटात विचारा: किती घरांत बाईला आजारपणाची पगारी रजा आहे? आकडा कितीही लाजिरवाणा निघाला तरी पुढच्या बैठकीला घेऊन या. चर्चा तिथून सुरू करू.