एकच लहरपट्टा, दोन वाटसरू



मंडळाने बिनतारी संदेशवहनावर चार शब्द बोलण्याची आज्ञा केली, ती शिरसावंद्य मानून आम्ही उभे आहोत. विषय रुक्ष खरा. परंतु वणी-पांढरकवड्याच्या खेड्यांतही आता भ्रमणध्वनीवाचून घर विरळाच.

शेतजमिनीप्रमाणे लहरींचा पट्टाही मोजकाच असतो. सन २०२२ मध्ये केंद्र सरकारने त्याचा लिलाव केला. बोली दीड लाख कोटी रुपयांपर्यंत गेली. त्याच वर्षी १ ऑक्टोबरला पाचव्या पिढीची सेवा देशात सुरू झाली. या सेवेच्या आंतरराष्ट्रीय आराखड्यात दोन निराळे वाटसरू कल्पिले आहेत. एकास वेग हवा. त्याचे ओझे मोठे, पण क्षणभर विलंब त्यास सोसतो. दुसऱ्याचा निरोप अवघा ३२ बाइटांचा. मात्र तो एक सहस्रांश सेकंदात पोचावा आणि लाखात एकाहून अधिक चुकू नये. वणीच्या उघड्या कोळसाखाणीतील यंत्र उद्या दुरून चालवायचे झाले, तर 'थांब' हा हुकूम उशिरा पोचून कसे चालेल?

आता हे दोघे एका पट्ट्यावर नांदावेत कसे? तातडीच्या निरोपासाठी जागा कायमची राखून ठेवावी, तर ती बहुतेक वेळ रिकामी पडते. म्हणून दुसरी युक्ती निघाली. पाचव्या पिढीत काळाचा एक तुकडा पुष्कळदा अर्ध्या सहस्रांश सेकंदाचा असतो व त्यात चौदा घरे असतात. मोठे ओझे त्यातून जात असतानाच मनोरा मधली दोन घरे हिसकावून तातडीचा निरोप धाडतो. ज्याचे ओझे कापले गेले, त्याच्या यंत्रास तशी सूचना मिळते आणि हरवलेला भाग पुन्हा पाठविला जातो. आपली शकुंतला गाडी आता बंद पडली, पण एकेरी रुळावर एका गाडीने बाजूस उभे राहायचे, ही रीत आपल्या वडीलधाऱ्यांस ठाऊकच होती. येथे मात्र उभे करण्याऐवजी चालत्या गाडीचे डबेच सोडवून घेतात!

खरा प्रश्न पुढेच आहे. डबे कोणाचे सोडवायचे? मनोऱ्यापासून दूरच्या वाडीतील मुलाला लहर क्षीण मिळते. त्याच्या एका घरात थोडीच माहिती मावते. नुसत्या एकूण बेरजेकडे पाहणाऱ्या गणितास त्याचीच घरे कापणे सर्वांत स्वस्त पडते. हिशेब बिनचूक, पण न्याय कोठे? ज्यास आधीच थोडे, त्याच्याच ताटातून घास उचलावा, हे आम्हांस रुचत नाही. शास्त्रज्ञांनी प्रत्येकाचा किमान वाटा सांभाळणारी गणितेही मांडली आहेत. ती वापरणे हा इच्छेचा प्रश्न आहे.

कायद्याचा आधार थोडा आहे. दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या शिफारशी सरकारने २०१८ मध्ये मान्य केल्या. त्यांत विशेष सेवांस समान वागणुकीच्या नियमातून सूट आहे, पण त्यामुळे सामान्यांच्या इंटरनेटची गुणवत्ता खालावू नये, अशी अट आहे. ती पाळली जाते की नाही, हे पाहणार कसे? पुण्या-नागपूरसकट सरासरी काढली, तर आर्णी-घाटंजीच्या वाडीचे दुःख तीत बुडून जाते. तेव्हा कोणत्या मनोऱ्यावर कोणाची किती घरे कापली गेली, हा आकडा मनोरावार प्रसिद्ध व्हावा, असा ठराव मंडळाने आजच संमत करून प्राधिकरणाकडे धाडावा, अशी आमची सूचना आहे.